तात्पुरता आवाज

१

भीतीची गोष्ट हातात आली की मी आधी शेवटचं पान वाचते. ताण सोसत नाही मला. तेव्हा तुम्हालाही आधीच सांगून ठेवते: यात मी जिंकते. मामी सुखरूप आहे, काम फत्ते झालं, आणि हे सगळं मी भर दुपारी दाराकडे पाठ करून लिहिते आहे. माझ्यासारखीने दाराकडे पाठ करून बसणं ही काय चीज आहे, ते पुढे कळेलच.

सोमवारी सकाळी नेहमीसारखा चहाचा कप घेऊन मी खोलीत शिरले, मशीन चालू केलं आणि त्यावरची जुनी पेटी काढून टाकायला बसले.

पेटी म्हणजे आमच्या ऑफिसचं घरचं सॉफ्टवेअर. व्हिडिओ गेम बनवायची सगळी अवजारं तिच्यात. भिंती उभारायची, उजेड पाडायची, आवाज भरायची. ती लिहिली शास्त्रींनी. शास्त्री आमचे प्रमुख. त्यांचं खरं आडनाव भलतंच आहे, पण समोरचा घाईघाईत काही सांगत असला तरी मध्येच थांबवून त्याचं व्याकरण दुरुस्त करतात, म्हणून शास्त्री. मला सगळे दचकी म्हणतात. छपाईचं यंत्र घरघरलं तरी माझ्या हातातला चहा बशीत यायचा.

या पेटीतून आम्ही एक खेळ बाहेर काढला होता. जाहिरातीत होतं: एक बाई, एक घर, शंभर खोल्या. प्रत्यक्षात खोल्या झाल्या मूठभर आणि उरलेली दारं भिंतीवर रंगवलेली. बाई एका खोलीतून दुसरीत जाते, निघताना मागच्या खोलीला "येते हं" म्हणते, शेवटी बाहेरच्या दारातून निघून जाते आणि खेळ खलास. परत येण्याचा भाग करायचा होता, तो झालाच नाही. लोकांनी आम्हाला धुऊन वाळत घातलं. एकाने लिहिलं होतं, "बाई दर वेळी येते म्हणते, पण येत नाही. वाट बघून आम्हीच निघालो." दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते तशी मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचे.

त्यातलं "येते हं" माझ्या आवाजात आहे. तात्पुरतं. चांगली नटी मिळेपर्यंत रिकाम्या जागी काहीतरी वाजायला हवं म्हणून मी माइकसमोर उभी राहून एकदाच म्हटलं होतं. नटी काही मिळाली नाही. आमच्या धंद्यात टिकतं ते तात्पुरतंच.

खेळ पडल्यावर ऑफिसच्या जागेला टाळं लागलं, ज्याने त्याने आपापलं मशीन घरी नेलं. शास्त्रींनी पेटी नव्याने लिहिली. आणि पुढचा खेळ, पहिल्यांदाच, माझ्या डोक्यातून निघालेला होता. शुक्रवारी दुपारी तो खेळांत पैसे घालणाऱ्या एका बाईंना दाखवायचा. त्या हो म्हणाल्या तर ऑफिस राहणार आणि माझा खेळ होणार. नाही म्हणाल्या तर दोन्ही नाही.

त्यासाठी नवी पेटी बसवायची आणि तिच्यात खेळ बांधायचा. अडचण एवढीच, की जुनी पेटी निघाल्याशिवाय नवी बसत नाही.

२

पेटी निघताना शेवटी एक छोटी खिडकी उघडते. खेळ काढून टाकणाऱ्यालाही तीच खिडकी दिसते. आधी तिथे "काम पूर्ण झाले" असं सरळ वाक्य होतं. शास्त्रींना ते रुचलं नाही. "आपल्या भाषेत निघताना कोणी जाते म्हणतं का?" ते म्हणाले. "येते म्हणतं. आणि निरोप देणाराही जा म्हणत नाही, ये म्हणतो. एवढा तरी भाषेचा मान ठेवा." म्हणून मग पेटी जाता जाता माझ्या आवाजात म्हणते, "येते हं", आणि खाली एकच बटण असतं: "ये". ते दाबल्याशिवाय खिडकी मिटत नाही.

मी दाबलं. खिडकी मिटली. नवी पेटी बसवायला घेतली तर स्क्रीनवर आलं, "जुनी पेटी या मशीनवर आहे. आधी ती काढा."

जुन्या पेटीचं फोल्डर जागच्या जागी होतं. भरलेलं. आत्ताच आल्यासारखं ताजं.

यात घाबरण्यासारखं काही नाही. सॉफ्टवेअर काढणं म्हणजे गव्हाच्या डब्यातले किडे काढणं. चार हाताला लागतात, चाळीस खाली लपतात. मी मशीन बंद करून चालू केलं, उरलंसुरलं हाताने पुसलं, पुन्हा पेटी काढली. येते हं. ये. पुन्हा फोल्डर हजर.

शास्त्रींना फोन केला.

"दचके, मशीन बंद करून चालू केलंस का?"

"केलं."

"मग अजून एकदा कर. आणि रडू नकोस."

"मी रडत नाहीये. तुमच्याच मशीनवर बांधा ना खेळ."

"माझं मशीन आजोबा झालंय. त्याला भिंती उचलायला लावल्या तर छातीत कळ येईल. तुझंच तरुण आहे."

३

मंगळवारी मी हेडफोन लावून बसले होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर मी स्वतःलाच शंभरदा विचारलं: लावले होते ना? लावले होते. तार मशीनला खोचलेली होती. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, नेहमी असतं तसं.

पेटी काढली. कानात माझा आवाज आला, "येते हं." मी "ये" दाबलं.

स्वयंपाकघरातून मामीने उत्तर दिलं. "ये गं. किल्ली घेतलीस ना?"

मी हेडफोन उतरवले. पॅसेज ओलांडून स्वयंपाकघरात गेले. मामी ओट्याशी उभी होती, डोळ्यावर काळा चष्मा. तिचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसरा डोळाही धड नव्हता, म्हणून मामा बाहेरगावी असेतो मी मशीनसकट तिच्याकडे राहायला आले होते. नाव तिची काळजी घेण्याचं. काळजी तीच माझी घ्यायची.

पाऊल वाजल्याबरोबर ती वळली. "अगं बाई, गेली नाहीस?"

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे. येते हं म्हणालीस, म्हटलं निघाली."

"ते मशीन बोललं, मामी. खेळातला आवाज आहे माझा."

"मशीन पॅसेजमध्ये येऊन बोललं?" मामी म्हणाली. "या दाराशी उभं राहून? आणि मग कडी काढली ती पण मशीननेच?"

मामीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आयुष्यभर कानाला दुसऱ्यांचे आवाज लावून बसलेली बाई. फोनवर नुसता खोकला ऐकून माणूस ओळखायची, आणि तो किती लांबून खोकतोय तेही सांगायची.

मी बाहेरचं दार बघितलं. कडी काढलेली होती. सकाळी दूध घेतल्यावर लावायची राहिली असेल. असं होतं. मी कडी लावली, ओढून बघितली आणि माघारी येताना पॅसेजमधला दिवा लावला. भर सकाळी. मामीला खटक्याचा आवाज आला असणार.

४

माझी खोली लहान आहे. टेबल भिंतीला लावलेलं, मशीनच्या मागे हातभर जागा आणि मग भिंत. डाव्या हाताला खिडकी. दुपारचं ऊन तिथून तिरपं येतं आणि स्क्रीन काळी असली की तिच्यावरची धूळ न् धूळ दिसते.

बुधवारी मशीन पुन्हा चालू होण्याची वाट बघत होते, तेव्हा स्क्रीनच्या वरच्या कडेवर ठसे दिसले. बोटांचे. टोकं माझ्याकडे वळलेली, म्हणजे हात पलीकडून आला होता. कोणी स्क्रीनच्या मागे उभं राहून, कडेला धरून, वरून डोकावावं तसे.

मागे भिंत आहे. मी सांगितलंच.

आधी वाटलं, मीच कधी मशीन सरकवताना धरलं असेल. मी स्वतःचा हात तसा ठेवून बघायला गेले आणि मध्येच थांबले. ठसे तीनच होते, आणि शेवटचा रुंद होता. दोन बोटं एकमेकांना चिकटली असावीत तसा.

आता खेळातल्या बाईच्या हातांबद्दल सांगायला हवं. त्या खेळात तुम्हीच ती बाई असता. तिच्या डोळ्यांनी बघता. म्हणून तिचे फक्त हात बनवले होते, कोपरापर्यंत, निळ्या बाहीचे. चेहरा नाही, अंग नाही, पाय नाहीत. दिसणारच नाही ते कोण बनवतो? त्यात आमच्या चित्रकाराच्या घाईत करंगळी आणि अनामिका जोडली गेली आणि तशीच राहिली. अंगठा धरून चारच बोटं, म्हणून लोक तिला चारबोटी म्हणायचे. त्या हातांच्या हालचाली मी आखल्या होत्या. त्यांना दोनच गोष्टी यायच्या: दार उघडणं आणि दार लावणं.

मी ओल्या फडक्याने कड पुसली. ठसे लगेच गेले. हे एक बरं झालं, आणि एक वाईट. न गेले असते तर काचेतला दोष म्हणता आलं असतं.

५

मी पुन्हा शास्त्रींना फोन लावला. मामी आंघोळीला गेली होती. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

"निघाली का पेटी?"

"निघते आणि परत येते."

"परत येते असं काय बोलतेस? येते म्हटलं की त्यात परत आलंच."

"शास्त्री, तुमच्याकडची कशी गेली?"

"झटक्यात. येते हं म्हणाली, मी ये म्हटलं, गेली. अगं, हजारो लोकांनी आपला खेळ काढून टाकला, एकाचीही तक्रार नाही. सहज काढून टाकता येतो, एवढं एकच कौतुक पदरात पडलंय आपल्या."

"मग माझ्याकडूनच का जात नाही?"

"आवाज कोणाचा आहे? तुझा. आमच्याकडून निघाल्यावर ती जाणार कुठे? घरीच येणार की."

ते हसले. मीही हसले. साहेबांच्या विनोदाला हसायची सवय असते. पण हसता हसता मला त्या सगळ्या खोल्या दिसल्या. कुठेकुठे, कोण कोण, वैतागून बसलेला. खेळ काढून टाकतोय. खिडकी उघडते, बाई म्हणते येते हं, आणि तो कंटाळलेला माणूस विचारही न करता बटण दाबतो. ये. दुसरा दाबतो. ये. हजारो वेळा. इतकं आग्रहाचं बोलावणं मला तर कधी कोणाकडून आलं नाही.

"तिकडे कोणाशी बोलतेयस?" शास्त्रींनी विचारलं.

"तुमच्याशीच."

"तसं नाही. मागे आत्ता कोणीतरी येते हं म्हणालं."

"मामी असेल."

"असेल," ते म्हणाले. "आवाज सारखाच आहे गं तुमचा."

न्हाणीघरातलं पाणी अजून चालू होतं. मामीचा आवाज माझ्यासारखा मुळीच नाही. तिचा घोगरा आहे.

६

गुरुवारी सकाळी मामीच्या डोळ्याचे थेंब संपले. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच. मी निघताना काहीच बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा घरातून मुक्याने बाहेर पडले. चपला हातात घेऊन, चोरासारखी.

दुकानदार नेमका गप्पिष्ट निघाला. मामीचा डोळा, त्याच्या बहिणीचा डोळा, मग सगळ्या जगाचे डोळे. मला "बरं, निघते" म्हणणं जमत नाही. तो दमला तेव्हा सुटले.

किल्लीने दार उघडलं. मामी बाहेरच्या खोलीत कोचावर बसली होती, पॅसेजकडे तोंड करून. समोर दोन कप. एक रिकामा, एक भरलेला, साय धरलेला.

"मामी."

ती दचकली. माझी मामी दचकली, हे लक्षात घ्या. तिने दाराकडे मान वळवली, मग पॅसेजकडे, मग पुन्हा दाराकडे.

"तू बाहेर होतीस?"

"थेंब आणायला गेले होते."

तिने हात पुढे केला. मी बाटली दिली. तिने बाटली बाजूला ठेवली आणि माझं मनगट धरलं, मग बोटं चाचपली, एकेक, पाचही. का ते मी विचारलं नाही.

"मी चहा ठेवला," ती हळू म्हणाली. "तुला हाक मारली. आतून म्हणालीस, येते हं. मी थांबले. पुन्हा हाक मारली, पुन्हा येते हं. दर वेळी अगदी तस्संच. त्याच सुरात, पुढेमागे श्वास नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही टेप लावायचो ना, तसं. पण जवळून. आधी खोलीतून, मग खोलीच्या दारातून, मग त्या कोपऱ्यातून." तिने पॅसेजच्या वळणाकडे हनुवटी केली. "मला राग आला. म्हणणार होते, सारखं येते येते काय करतेस, ये बघू एकदाची, बस इथे..."

"म्हणालीस?"

"नाही. तेवढ्यात तुझी किल्ली वाजली."

"म्हणू नकोस. मामी, काहीही झालं तरी तिला ये म्हणू नकोस."

माझ्या तोंडून हे निघालं आणि डोळ्यांपुढे ते बटण आलं. एकच बटण. मीही गेले तीन दिवस तेच दाबत होते. पेटी काढत नव्हते मी. आमंत्रण देत होते.

"तू शेजारी जाऊन बस," मी मामीला म्हटलं.

"माझं घर आहे," मामी म्हणाली. "मी इथेच बसते. तू तुझं काम कर."

७

पेटीत सगळा मजकूर एका फाईलमध्ये असतो. ती उघडायला अक्कल लागत नाही. बटणावरचा शब्द मला लगेच सापडला. एक अक्षर, एक मात्रा. ये.

तिथे मला "जा" लिहायचं होतं आणि माझा हात उचलेना.

हसू नका. मी जन्मात कोणाला जा म्हटलेलं नाही. फोनवर विमा विकणाऱ्याला मी "बघते" म्हणते, दारात येणाऱ्या विक्रेत्याला "नंतर", आणि एकदा पालीला "जरा बाजूला हो ना" म्हटलेलं मामीने ऐकलंय. आमच्या घरात भांडून निघालेल्या माणसालासुद्धा "ये" म्हणूनच निरोप दिला जायचा. जा म्हणणं म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नकोस. शास्त्रींना विचारावं असं मनात आलं. ते म्हणाले असते, निरोपाला हा शब्द अभद्र. मी फोन पालथा घातला.

जा. लिहिलं. फाईल ठेवली. पेटी काढायला घेतली.

पट्टी सरकत गेली. हेडफोन मी लावले नव्हते. खिडकी उघडली, आणि मशीनमधून माझा आवाज आला, "येते हं." खाली बटण होतं. जा.

मी दाबलं.

खिडकी मिटली नाही.

पुन्हा दाबलं. मशीन गप्प होतं. बाहेरच्या खोलीत मामीच्या कोचाची कुरकुर थांबली. मग "येते हं", पण मशीनमधून नाही. माझ्या मागून. अर्धवट उघड्या दाराच्या पलीकडून, पॅसेजमधून, अगदी त्याच सुरात, पुढेमागे श्वास नसलेलं.

मी वळून बघितलं. मी, दचकी, वळून बघितलं.

दाराच्या कडेवर बोटं होती. आतल्या बाजूने दिसत होती, नखांपर्यंत. दोन नीट, तिसरं जाड. त्यांच्यामागे मनगट, निळी बाही, आणि कोपर संपतं तिथे पॅसेजची भिंत. दिवा चालू होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या हाताला धरून पुढे काहीच नव्हतं. मीच तर पुढे काही केलं नव्हतं. दार थोडं थोडं उघडत होतं. तिला ते येतं. मी शिकवलंय.

मी तोंड उघडलं. आधी निघाली ती नुसती हवा. मग बारीक आवाज, मलाच ऐकू न येण्याइतका.

"जा."

बोटं थांबली.

"कोणाला जा म्हणतेस गं?" बाहेरून मामी म्हणाली. सवयीने. "असं म्हणू नये..." आणि मग तिचं तिलाच उमजलं असावं. कोच पुन्हा कुरकुरला. मग माझी मामी, टेलिफोनवर आयुष्य घालवलेली, तिच्या त्या घोगऱ्या, सगळ्या तारांतून पार जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "म्हण. मोठ्याने म्हण."

मी खुर्चीवरून उठले.

"जा," मी म्हटलं. "इथे कोणी बोलावलेलं नाही तुला. येऊ नकोस. जा."

एवढा मोठा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. खिडकीची काच झणझणली. शपथेवर सांगते, झणझणली.

बोटं दाराच्या कडेवर तशीच राहिली, जराशी. कुठे जावं ते न कळलेल्या माणसासारखी. मला वाईटसुद्धा वाटलं, पण मी तोंडातून ये निघू दिलं नाही. मग ती सुटली. पलीकडे हँडलला लागली असावीत, कारण हँडल फिरलं. आणि दार लागलं. पलीकडून, अगदी अलगद, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं. तिला दोनच गोष्टी यायच्या. त्यातली दुसरी तिने केली.

मग पॅसेज. मग बाहेरची कडी.

स्क्रीनवर लिहून आलं, "पेटी काढली."

८

नवी पेटी एका दमात बसली. मी खेळ बांधायला घातला, मामीचा चहा पुन्हा गरम केला, आणि आम्ही दोघी पॅसेजकडे पाठ करून तो प्यालो. मुद्दाम. मामी म्हणाली, "एवढा आवाज होता तर त्या औषधवाल्यासमोर काय झालं होतं?"

संध्याकाळी बाहेरची कडी एकदा हलली. काढली नाही कोणी, हलली फक्त. मी ओळखलं. कुठेतरी कोणीतरी आमचा खेळ काढून टाकला होता आणि बटण दाबलं होतं. माझ्या मशीनवरचं बटण बदललं, पण हजारो लोकांकडे अजून ते "ये"च होतं.

शुक्रवारी दुपारी त्या बाईंच्या ऑफिसात माझा खेळ पडद्यावर आला. तो सुरू होतो बंद दाराबाहेर. हातात किल्ली. हाताला पाच बोटं. मी स्वतः मोजून घेतली होती. दार ढकललं की आतून एक घोगरा आवाज विचारतो, "कोण?" तो मामीचा. तो तात्पुरता नाही. मग एकेका खोलीत परत यायचं, आणि प्रत्येक खोलीने तुमची आठवण कशी ठेवली आहे ते बघायचं.

बाई कडक. आल्या आल्या म्हणाल्या होत्या, तुमचा आधीचा खेळ मी अर्ध्यात सोडला. आता त्यांचा चहा निवला, बाहेर कोणीतरी त्यांची वाट बघत ताटकळत होतं, आणि स्पीकरवर ठेवलेल्या माझ्या फोनवरून शास्त्रींनी हळूच विचारलं, "मग, कसं काय वाटतंय?"

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "मला अजून एक दार उघडू द्या. मग बोलू."

त्या हो म्हणाल्या. अजून तीन दारं उघडून मग म्हणाल्या, पण म्हणाल्या.

जिन्यात येऊन मी शास्त्रींना फोन लावला. ते आनंदाने व्याकरण विसरले होते.

"जुन्या खेळाच्या खिडकीतलं बटण बदलायचंय," मी म्हटलं. "आत्ता. सगळ्यांच्या मशीनवर. ये नको. जा."

"अगं, असं कोणी निरोपाला... लोक दुखावतील."

"लोक खेळाने दुखावलेतच. बदला."

"उद्या बघू."

"शास्त्री, आत्ता."

पलीकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज. बराच वेळ. "बदललं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच दचके न म्हणता माझं खरं नाव घेतलं. बटण बदलल्यावर कोणीतरी आमच्या पानावर लिहिलं, "हा खेळ शेवटी गेला." आमच्या जुन्या खेळाला मिळालेला तो सगळ्यात चांगला अभिप्राय. मी तो छापून टेबलासमोर लावलाय.

९

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. किल्ली फिरवली. आतून मामीने विचारलं, "कोण?"

"आले," मी म्हटलं.

हा शब्द मी कधी कुठल्या माइकमध्ये म्हटलेला नव्हता.

"ये," मामी म्हणाली. इतकं साधं. तिने काळा चष्मा काढला होता आणि एका डोळ्याने माझ्याकडे नीट बघत होती. "झालं वाटतं काम. चेहराच सांगतोय."

मी सगळं सांगितलं. तिचा आवाज ऐकून त्या बाई कशा चमकल्या तेही. मामी खूश झाली. तसं दाखवलं नाही. मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "दुपारी दाराशी कोणी आलं होतं."

"कधी?"

"चहाच्या सुमाराला. कडी वाजली नाही, घंटा नाही. बाहेरच उभी होती. आवाज तुझा, पण मी फसले नाही. म्हणाली, जाते."

"काय म्हणाली?"

"जाते. मला पण नवल वाटलं. असं कोणी म्हणतं का?"

मी म्हटलेलं नव्हतं. कधीच, कुठेच. तो शब्द तिचा तिने मिळवला होता.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार?" मामीने पातेलं पालथं घातलं. "येते म्हणणाऱ्याला माणूस ये म्हणतो. जाते म्हणणाऱ्याला काय म्हणायचं? म्हटलं, बरं."

मी जाऊन बाहेरचं दार लावलं, कडी सरकवली आणि ती ओढून न बघता परत आले.